डिपार्टमेंट स्टोअरच्या जुन्या कॅसेट डेकची दुरुस्ती : आधी यंत्र, मग सर्किट

प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेतल्या एका इस्टेट सेलमध्ये जेसी पेनी या डिपार्टमेंट स्टोअरचा एमसीएस कॅसेट डेक मिळाला आहे. काळ अंदाजे १९८० चा. वीज येते, मीटरचे दिवे लागतात. प्ले दाबल्यावर तीन-चार सेकंद टेप चालते आणि बटण आपोआप सुटते. तेवढ्या वेळात जे ऐकू येते त्यात उजवी बाजू दबलेली, घोगरी. हा डेक दुरुस्त करावा का, आणि करायचा तर सुरुवात कुठून? कपॅसिटर सगळे बदलून टाकावेत का?

करावा. आणि कपॅसिटरला इतक्यात हात लावू नका. या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा रबरात, मळात आणि एका सरकत्या स्विचमध्ये आहे. सोल्डरिंग आयर्न तापवायची वेळ आली तर ती शेवटी येईल. या वयाच्या डेकमध्ये दोषांचा एक क्रम असतो : आधी रबर जाते, मग वंगण घट्ट होते, मग स्विचचे संपर्क काळे पडतात, आणि त्यानंतर कुठे ट्रान्झिस्टर-कपॅसिटरचा नंबर लागतो. त्याच क्रमाने गेले की अर्धी कामे वाटेतच संपतात.

आधी हा डेक नक्की कोणाचा ते शोधा. जेसी पेनी, सिअर्स, माँटगोमेरी वॉर्ड यांनी स्वतः कधी डेक बनवले नाहीत. जपानी कारखान्यांकडून तयार माल घ्यायचा, पुढची पट्टी आणि नाव आपले लावायचे, हा त्यांचा व्यवहार. एमसीएस म्हणजे मॉड्युलर कंपोनंट सिस्टिम्स; त्या नावाखाली मत्सुशिता म्हणजे टेक्निक्सवाले, एनईसी अशा वेगवेगळ्या घरांचा माल विकला गेला. सिअर्सच्या एलएक्सआय मालिकेत तर मॉडेल क्रमांकातच खूण आहे : टिंबाच्या आधीचे तीन आकडे हा पुरवठादाराचा कोड. ५६४ ने सुरू होणारा डेक सान्योचा.

पेनीच्या डेकवर असा कोड नसेल तर झाकण उघडून आयसीवरची अक्षरे वाचा. एएन म्हणजे मत्सुशिता, एलए म्हणजे सान्यो, एचए हिताची, टीए तोशिबा, यूपीसी एनईसी, बीए रोम. एकटा आयसी पाहून निष्कर्ष काढू नका, कारण हिताचीचा एचए ११२२६ हा डॉल्बी बीचा, म्हणजे टेपची सळसळ कमी करणाऱ्या सोयीचा, आयसी अनेकांनी वापरला. पण मोटर, हेड, आयसी आणि बोर्डावरच्या छपाईची धाटणी एकाच घराकडे बोट दाखवू लागली की त्या घराच्या त्याच वर्षांच्या डेकचे फोटो काढून कॅसेटच्या खणातली रचना ताडून बघा. हेडच्या पाटीचा आकार, स्क्रूंच्या जागा, बटणांची ओळ जुळली की जुळे भावंड सापडले. पेनीच्या नावाचे सर्व्हिस मॅन्युअल मिळणे कठीण, पण त्या भावंडाचे बऱ्याचदा मिळते आणि बेल्टची मापेही त्यातूनच कळतात.

आता तीन-चार सेकंदांनी थांबण्याबद्दल. हा दोष वाटतो, पण डेक इथे आपले काम चोख करतो आहे. ऑटो-स्टॉपची यंत्रणा टेप घेणारी चकती, म्हणजे टेक-अप रील, फिरते आहे का हे पाहत असते. काही डेकमध्ये एक बारीक तरफ चकतीच्या हालचालीवर डुलत राहते. काहींत चकतीला किंवा काउंटरच्या पुलीला गोल चुंबक असतो आणि त्याच्या शेजारी चुंबकाची चाहूल घेणारा रीड स्विच किंवा हॉल आयसी. स्पंदने येणे बंद झाले की डेक समजतो की टेप संपली आणि प्ले सोडतो. म्हणून प्ले दाबून दोन गोष्टींकडे बघा : उजवी चकती फिरते का, आणि काउंटरचे आकडे हलतात का. चकती फिरते पण काउंटर मेला असेल तर काउंटरचा बारीक चौकोनी बेल्ट तुटला आहे, आणि चुंबक त्या मार्गावर असेल तर एवढ्यानेच डेक थांबतो. चकतीच फिरत नसेल किंवा बोटाने सहज अडत असेल तर आयडलर (मोटरची फिरकी चकतीला देणारे रबरी काठाचे चाक) किंवा क्लच (ओढ मर्यादेत ठेवणारी घसरती जोडणी). दोन मिनिटांच्या या निरीक्षणाने अर्धे निदान होते.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढा. हे डेक १२० व्होल्टचे. पॉवर स्विच बंद असला तरी ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला, स्विचपर्यंतच्या टोकांवर, पूर्ण दाब असतो आणि जुन्या डेकमध्ये ती टोके उघडी असू शकतात. दुसरी काळजी पुढच्या पट्टीची. चंदेरी ॲल्युमिनियमवरची अक्षरे छापील असतात आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली जातात. पट्टीला फक्त साबणाचे कोमट पाणी आणि मऊ फडके.

बेल्ट काढताना कधी तो तुटलेला मिळेल, कधी सैल, आणि कधी डांबरासारखा वितळलेला. वितळलेल्याचा जाच वेगळाच असतो. तो काळा चिकटा फ्लायव्हीलच्या, म्हणजे वेग स्थिर ठेवणाऱ्या जड चाकाच्या, कडेला, मोटरच्या पुलीवर, कधी खाली ठिबकून बोर्डावरही बसतो. ९० टक्क्यांच्या वरचे आयसोप्रोपिल, कापसाचे बोळे आणि लाकडी काडी घेऊन खरवडा. धातूचे टोक वापरू नका, कारण पुलीवर पडलेला ओरखडा पुढे वेगातल्या थरथरीच्या रूपाने ऐकू येतो. मोटरच्या पितळी पुलीच्या खाचेत किंवा कडेवर केसाएवढा थर राहिला तरी पुलीचा व्यास वाढतो आणि डेक जलद धावतो. म्हणून शेवटचा बोळा पांढरा निघेपर्यंत पुसा.

नव्या बेल्टचे माप जुन्या ताणलेल्या बेल्टवरून कधीच घेऊ नका. न ताणणारा शिवणाचा दोरा बेल्टच्या पूर्ण मार्गावरून फिरवा, जिथे टोके भेटतात तिथे खूण करा, सरळ करून मोजा. त्यातून ५ ते ७ टक्के वजा करा. समजा मार्ग २६० मिमी भरला, तर बेल्टचा आतला परीघ २४४ मिमीच्या आसपास हवा. दुकानदार दुमडून मोजत असेल तर १२२ मिमी, व्यासाने विकत असेल तर साधारण ७८ मिमी. मुख्य चपटा बेल्ट बहुतेक डेकमध्ये ४ ते ५ मिमी रुंद आणि ०.५ ते ०.६ मिमी जाड असतो. जास्त घट्ट बेल्ट घातला तर अधिक चांगले, हा गैरसमज आहे. मोटरच्या बेअरिंगवर एका बाजूने ताण येतो, मोटर कुरकुरते आणि वाव-फ्लटर, म्हणजे वेगातली थरथर, वाढते. ‘सर्व डेकसाठी’ म्हणून मिळणारी चौकोनी बेल्टची मिश्र पिशवी काउंटरला चालेल. मुख्य बेल्टच्या जागी तिच्यातले काहीही लावू नका.

बेल्ट बदलताना फ्लायव्हील बाहेर येईल. त्याची दांडी म्हणजे कॅप्स्टन, हीच टेपला ओढणारी दांडी. तिच्यावर जुन्या टेपचा तपकिरी कडक थर असतो, तो अल्कोहोलने काढा. दांडी बेअरिंगमध्ये परत घालताना पातळ यंत्रतेलाचा, म्हणजे शिलाई मशीनच्या जातीच्या तेलाचा, एकच थेंब. तेल दांडीवर चढून टेपपर्यंत येता कामा नये. वर एक बारीक नायलॉन वॉशर असतो, तो हरवला तर तेल नक्की वर येते. मागच्या टेकूच्या पाटीत फ्लायव्हीलला पुढे-मागे अगदी किंचित खेळ हवा, ०.१ ते ०.३ मिमी. खेळ शून्य केला तर फ्लायव्हील घासते, जास्त ठेवला तर टेप वर-खाली भटकते.

घट्ट झालेले ग्रीस हा लपलेला चोर. प्ले दाबल्यावर हेडची पाटी पूर्ण वर सरकायला हवी. जुने ग्रीस मेणासारखे झाले की ती अर्धा मिलिमीटर अलीकडे थांबते, हेड टेपला धड टेकत नाही, आणि माणूस ट्रेबल गेला म्हणून बोर्डावर दोष शोधत बसतो. सरकणाऱ्या प्रत्येक जागेवरचे जुने ग्रीस पुसून काढा आणि प्लास्टिकला चालणारे हलके ग्रीस अगदी पातळ लावा. गंज सोडवणारा स्प्रे डेकमध्ये मारू नका. तो रबराला, क्लचच्या फेल्टला आणि पिंच रोलरला (टेप कॅप्स्टनवर दाबणाऱ्या रबरी चाकाला) जाऊन बसतो आणि मग नवीन दुखणी सुरू होतात.

टेप खाण्याचे गणित समजून घेतले की दुरुस्ती आपोआप सुचते. कॅप्स्टन आणि पिंच रोलर मिळून दर सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर टेप बाहेर टाकतात. पुढे ती कोणी गुंडाळते का, याचे त्यांना घेणेदेणे नसते. टेक-अप चकती कमजोर असेल तर सुटी टेप साठते आणि चिकट पिंच रोलरला लपेटते. म्हणजे दोन दोष एकत्र आले की टेप खाल्ली जाते : ओढ कमी आणि रोलर चिकट. म्हणून फक्त रोलर पुसून थांबू नका. प्लेमध्ये टेक-अपची ओढ साधारण ३५ ते ७० ग्रॅम-सेंटिमीटर हवी. टॉर्क मोजायची कॅसेट असेल तर उत्तम. नसेल तर चालू टेपमधली चकती बोटाने हलकेच अडवा. थांबवायला स्पष्ट जोर लागला पाहिजे आणि सोडताच तिने झटक्यात पकड घेतली पाहिजे.

ओढ कमी असेल तर आयडलरचा रबरी टायर बघा. तो चकचकीत झाला असेल तर ४०० नंबरच्या पॉलिशपेपरवर फिरवून अल्कोहोलने पुसा. हा उपाय काही महिन्यांचा. कायमचा हवा तर त्या मापाचा नवा टायर. टायर ठीक असून ओढ कमी असेल तर चकतीखालचा फेल्टचा क्लच तेलकट झाला असेल. फेल्ट स्वच्छ आणि कोरडा करून स्प्रिंगचा दाब तपासा. पिंच रोलरचे रबर घट्ट, भेगाळलेले किंवा मधोमध खड्डा पडलेले असेल तर घासत बसू नका, बदला. व्यास, रुंदी आणि दांडीचे भोक तिन्ही मोजून घ्या. व्यास जेमतेम अर्धा मिमी चुकला तरी रोलर टेपवर तिरका टेकू शकतो आणि टेपची कड दुमडते.

सगळी चाचणी फेकायला हरकत नसलेल्या सी-६० कॅसेटवर करा. सी-१२० ची टेप फार पातळ असते, ती अशा डेकला दाखवूही नये.

वेग. मोटरच्या मागच्या बाजूला एक भोक असते, बऱ्याचदा रबरी बुच लावलेले. आत वेगाचा ट्रिमर, म्हणजे पेचकसाने फिरवायची बारीक कळ. ३००० हर्ट्झच्या चाचणी टेपचा सूर कॉम्प्युटरवर मोजा. ३० हर्ट्झचा फरक म्हणजे १ टक्का. अर्ध्या टक्क्याच्या आत आणलात की पुरे. या वर्गातल्या कित्येक डेकच्या कागदावरच १ ते १.५ टक्के लिहिलेले असते. पातळ, शक्यतो प्लास्टिकच्या टोकाचा पेचकस घ्या आणि केसभर फिरवा. ट्रिमर पूर्ण फिरवूनही डेक मंदच असेल तर दोष बहुधा मोटरचा नाही. बेल्ट घसरत असेल किंवा कॅप्स्टनचे बेअरिंग कोरडे असेल. मोटर बदलायचीच झाली तर तीन गोष्टी जुळायला हव्यात : व्होल्ट, फेरे आणि फिरण्याची दिशा. १२ व्होल्ट, २४०० फेऱ्यांची मोटर अगदी सर्रास असते, पण ती डावीकडे फिरणारी आणि उजवीकडे फिरणारी अशी वेगवेगळी मिळते.

सुरातले डोलणे कुठून येते हे घड्याळ लावून ओळखता येते. १३ मिमी व्यासाच्या पिंच रोलरचा परीघ जवळजवळ ४१ मिमी, म्हणजे त्याचा एक फेरा साधारण ०.८५ सेकंदाचा. त्या ठेक्यात सूर डोलत असेल तर रोलर. २.५ मिमीची कॅप्स्टन सेकंदाला सहा फेरे घेते. त्या वेगाची थरथर म्हणजे वाकलेली दांडी किंवा फ्लायव्हीलवरचा चिकटा. आणि डोलण्याचा काळ टेपच्या सुरुवातीला दीड सेकंदाच्या आसपास असून पुढे लांबत जात असेल तर टेक-अप चकती. कारण गुंडाळी वाढत जाते तसे चकतीचे फेरे मंदावतात. अशा साध्या डेकमध्ये ०.१ टक्क्याच्या आसपास वाव-फ्लटर मिळाले की मी समाधानी असतो. त्याहून खाली जायचा अट्टाहास करावा असा हा वर्ग नव्हे.

आता उजव्या बाजूच्या घोगरेपणाकडे. आधी हेडचा चेहरा पुसा, मग बघा. एका चॅनलचा ट्रॅक फक्त ०.६ मिमी रुंद असतो, त्यावर मळाचा एक ठिपका बसला तरी ती एकच बाजू दबते. पुसल्यावर हेडवर तिरका प्रकाश पाडा. टेपने कोरलेली खाच नखाला लागत असेल तर हेड झिजलेले आहे. मग हेड डीमॅग्नेटाइझ करा : डेक बंद, कॅसेटी दूर, डीमॅग्नेटायझरची कांडी हेडजवळून सावकाश मागे घेत अर्धा मीटर लांब नेल्यावरच तिचा स्विच बंद. जवळ असताना बंद केली तर चुंबकत्व जाण्याऐवजी बसते.

तरीही एक बाजू दबलेली असेल तर हेडकडून येणाऱ्या डाव्या-उजव्या तारा बोर्डाच्या टोकाला अदलाबदल करा. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर हेड किंवा त्याची तार, तिथेच राहिला तर बोर्ड. हेडची वेटोळी ओहममीटरने मोजली तर काही शे ओहम मिळतात आणि दोन्ही बाजू जवळपास सारख्या असतात. मात्र मीटरच्या प्रवाहाने हेड चुंबकीय होते, म्हणून मोजल्यावर पुन्हा डीमॅग्नेटाइझ करा.

दोष बोर्डात निघाला तर पहिला संशयित रेकॉर्ड-प्लेचा लांब सरकता स्विच. हाताच्या बोटाएवढा, दोन ओळींत पायांची रांग असलेला, रेकॉर्डच्या तारेने ओढला जाणारा. पुढच्या काळातल्या डेकमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक झाले, पण या वयाच्या डेकमध्ये तो जवळजवळ नक्की असतो. त्यातला एक संपर्क काळा पडला की एक बाजू दबते, खरखरते किंवा गायब होते. अर्धवट अडकला तर प्लेमध्ये शिट्टी वाजते, आणि वाईटात वाईट म्हणजे बायसचा (रेकॉर्डिंगच्या वेळी हेडला दिल्या जाणाऱ्या उच्च कंपनसंख्येच्या प्रवाहाचा) काही अंश हेडपर्यंत जाऊन चांगली कॅसेट पुसट होत जाते. म्हणून हा स्विच साफ होईपर्यंत जपून ठेवलेली कॅसेट आत घालायची नाही.

प्लग काढलेला असताना डीऑक्सिटसारख्या कॉन्टॅक्ट क्लीनरची एक बारीक फवारणी स्विचच्या दोन्ही टोकांच्या फटीत करा आणि स्विच २०-३० वेळा पूर्ण मागेपुढे सरकवा. कॅसेटशिवाय रेकॉर्ड बटण दाबले जाणार नाही. खणाच्या मागच्या भिंतीत एक छोटी तरफ असते, कॅसेटचा कान शाबूत आहे का हे ती पाहते, ती बोटाने आत दाबून धरावी लागते. मग १५ मिनिटे सुकू द्या. गरज पडली तर पुन्हा एकदा. चिंब भिजवू नका, क्लीनर वाहत जाऊन बेल्टवर पडतो. त्याच बैठकीत व्हॉल्यूमचे पॉट, टेपचा प्रकार निवडायचे स्विच आणि डॉल्बीचा स्विचही उरका.

एवढ्यावरही टेप नसताना एका बाजूला फुटाण्यांसारखी तडतड येत असेल तर प्रीॲम्पमधला, म्हणजे हेडचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागातला, ट्रान्झिस्टर. गोठवणाऱ्या स्प्रेने एकेकाला थंड करा. ज्याला थंड करताच आवाज बदलेल तो गुन्हेगार. पाय काळे पडलेला २एससी४५८ या कामासाठी कुप्रसिद्ध आहे. बदलताना पायांचा क्रम डेटाशीटवरून पडताळा : जपानी ट्रान्झिस्टरमध्ये बऱ्याचदा एमिटर-कलेक्टर-बेस असा असतो, अमेरिकी मालात एमिटर-बेस-कलेक्टर. कपॅसिटर बदलायचे तर पुरवठ्याची गुणगुण येत असल्यास पॉवर सप्लायमधले मोठे, आणि दोन बाजूंच्या आवाजात फरक उरला असल्यास त्या वाटेवरचे कपलिंगचे. सरसकट सगळे उपटणे म्हणजे चाळीस-पन्नास नव्या चुकांची शक्यता ओढवून घेणे, तेही पातळ कागदी बोर्डावर, जिथे तांब्याची पट्टी जास्त उष्णतेने सहज सुटते.

ॲझिमथ, म्हणजे टेपच्या संदर्भात हेडचा कल, शेवटी, यंत्र पूर्ण ठाकठीक झाल्यावरच. १० किलोहर्ट्झची टेपवरची तरंगलांबी ४.७६ मायक्रॉन असते. ०.६ मिमी रुंद ट्रॅकवर हेड अवघे ०.४५ अंशाने कलले तर तो सूर संपूर्ण नाहीसा होतो. म्हणजे हेडच्या बाजूचा स्प्रिंगवाला स्क्रू आठवा भाग फेरा फिरवणे हीसुद्धा मोठी हालचाल. चाचणी टेप असेल तर आधी कमी कंपनसंख्येवर, मग १० किलोहर्ट्झवर जास्तीत जास्त पातळी आणा. थेट वरून सुरुवात केली तर खोट्या शिखरावर अडकायला होते. चाचणी टेप नसेल तर कारखान्यात रेकॉर्ड झालेल्या तीन-चार वेगवेगळ्या कॅसेटी घ्या, डॉल्बी बंद ठेवा, ॲम्प्लिफायर मोनोवर टाका आणि झांजा सर्वांत स्वच्छ ऐकू येतील तिथे थांबा. मोनोमध्ये दोन बाजूंतला काळाचा फरक ताबडतोब कळतो. शेवटी स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब. तुम्ही स्वतः याच डेकवर पूर्वी रेकॉर्ड केलेल्या कॅसेटींचा साठा असेल तर मात्र स्क्रू हलवण्यापूर्वी विचार करा, कारण त्या जुन्या कलानेच भरलेल्या आहेत.

डॉल्बीच्या आणि मीटरच्या ट्रिमरना हात लावू नका. डॉल्बी बीला प्लेबॅकची पातळी नेमकी लागते, टेपवरच्या चुंबकत्वाच्या २०० नॅनोवेबर प्रति मीटर या संदर्भावर. अशी संदर्भ टेप हाताशी नसताना ट्रिमर फिरवला की ट्रेबल आत-बाहेर श्वास घेऊ लागतो आणि मूळ जागा परत सापडत नाही. डॉल्बी मंद वाटत असेल तर बहुतेक वेळा हेडचा मळ किंवा ॲझिमथ कारणीभूत असते.

कोणता डेक मेहनतीच्या लायकीचा? माझे मत स्पष्ट आहे : १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातला आणि १९८० च्या सुरुवातीचा एक मोटर, दोन हेड, जड फ्लायव्हील आणि दाबायच्या भक्कम बटणांचा डेक. आत जागा असते, प्रत्येक तरफ डोळ्यांनी दिसते, फ्लायव्हीलच्या वजनामुळे वेग स्थिर राहतो. एमपीएक्स फिल्टरचा स्विच असेल तर त्या काळी एफएमवरून रेकॉर्ड करणाऱ्या गिऱ्हाइकाचा विचार झाला होता असे समजा. १९ किलोहर्ट्झचा पायलट सूर डॉल्बीला फसवू नये म्हणून तो असतो. उलट १९८० च्या मध्यानंतरचे जलद डबिंगचे दुहेरी डेक बाहेरून भरगच्च, आतून पोकळ. पातळ फ्लायव्हील, तडकणारी प्लास्टिकची चाके, आणि दोन यंत्रणांमुळे कामही दुप्पट.

रेकॉर्डिंगसाठी अशा डेकवर साधी टाइप १ ची टेप सर्वांत सरळ बसते. क्रोमचा स्विच असेल तर टाइप २ वापरा, पण खणातल्या खाचा ओळखून आपोआप बदल करणारी सोय या काळात बहुधा नसते, स्विच स्वतः टाकावा लागतो. मेटलची जागा पट्टीवर लिहिलेली नसेल तर मेटल टेपवर रेकॉर्ड करू नका : बायस अपुरा पडतो आणि इरेज हेड जुने रेकॉर्डिंग पूर्ण पुसू शकत नाही. वाजवायला मात्र हरकत नाही, टाइप २ च्या ७० मायक्रोसेकंदाच्या जागेवर ती नीट वाजते.